सही कुठपर्यंत चालते?

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन पत्रं आली. पहिलं, मी तेव्हा जिथे काम करत होते त्या कन्सल्टिंग कंपनीचं. ॲनालिस्ट, कन्सल्टंट, सीनियर कन्सल्टंट अशा पायऱ्या चढत पाच वर्षांनी मी 'मॅनेजर' झाले होते. दुसरं पत्र चाकणच्या एका कारखान्याचं. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मशीनमधून येणारा डेटा गोळा करायचा आणि त्यावर सॉफ्टवेअर उभं करायचं, असं काम. पगार थोडा जास्त, महिन्यातले वीस दिवस परगावी राहणं बंद. पदनाम मात्र 'सीनियर इंजिनिअर'.

आईने फोनवर विचारलं, "म्हणजे मॅनेजरची परत इंजिनिअर होणार तू?" तिची काळजी खोटी नव्हती. माझा बायोडाटा त्याच महिन्यात दोन वधूवर सूचक मंडळांत गेला होता आणि त्यात 'मॅनेजर' हा शब्द ठळक अक्षरांत होता.

मी मग कुठलाही इंजिनिअर करेल तेच केलं. एक्सेल उघडलं. डाव्या रकान्यात कन्सल्टिंगची पदं, उजव्या रकान्यात कारखान्याची, आणि मध्ये बाण. बाण काही जुळेनात. एक मित्र म्हणाला, कन्सल्टिंगमधला मॅनेजर म्हणजे कंपनीतला सीनियर मॅनेजर. दुसरा म्हणाला, छे, दोन पायऱ्या खाली धर. 'असोसिएट' हा शब्द एका ठिकाणी कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराला लावतात, दुसऱ्या ठिकाणी एमबीए करून आलेल्याला, तर वकिलांच्या फर्ममध्ये भागीदार न झालेल्या प्रत्येकाला. माझी एक मैत्रीण बँकेत 'व्हाइस प्रेसिडेंट' आहे. तिच्या हाताखाली एकही माणूस नाही.

शेवटी बाबांना विचारलं. बाबा जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी दोन्ही पत्रं व्हॉट्सॲपवर वाचली आणि एकच विचारलं, "दोन्हीकडे तुझी सही कुठपर्यंत चालते?"

मला आधी वाटलं, ते डिजिटल सिग्नेचरबद्दल बोलतायत. मग कळलं की पाच वर्षं नोकरी करून मला या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. उत्तर द्यायला कारखान्याने तीन आठवडे दिले होते. त्या तीन आठवड्यांत मी हातातली कामं सोडून पदनामांचा इतिहास वाचत बसले.

एका दरबारातली रांग

पदनामांची तुलना आणि त्यातून उठलेलं वादळ म्हटलं की मराठी माणसाला एक तारीख आठवायला हवी: १२ मे १६६६. आग्रा, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. शिवाजी महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं आणि ते भर दरबारात संतापले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण पाच हजारी म्हणजे नेमकं काय, आणि त्यात एवढं चिडण्यासारखं काय होतं, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही.

मनसब म्हणजे मुघल चाकरीतला दर्जा. अकबराने ती पद्धत बसवली. आईन-ए-अकबरीत दहापासून दहा हजारांपर्यंत ६६ पायऱ्यांची यादी आहे; प्रत्यक्षात त्याहून कमीच वापरात होत्या. पुढे या दर्जात एकाऐवजी दोन आकडे आले. पहिला 'जात'. त्यावरून माणसाचा मान, दरबारातली जागा आणि त्याचा स्वतःचा पगार ठरे. दुसरा 'सवार'. त्याने प्रत्यक्षात किती घोडेस्वार बाळगायचे, हे त्यावरून ठरे. दोन आकडे सारखेच असतील असं नाही. मोठी जात आणि थोडे सवार असलेला उमराव हा मानाने मोठा, पण लढाईत बेताचा.

ही मनसब माणसाला मिळे, जागेला नाही. मनसबदार काबूलला गेला काय किंवा दख्खनेत आला काय, त्याचा आकडा त्याच्याबरोबर जाई. त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न बादशहालाही पडत असे. म्हणून घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांची चेहरेपट्टी लिहून ठेवण्याची पद्धत होती. तरी फुगवटा आलाच. शाहजहानच्या काळात नियमच करावा लागला: ज्या सुभ्यात जहागीर तिथेच नेमणूक असेल तर सवारांच्या आकड्याच्या एक तृतीयांश स्वार हजर ठेवा, हिंदुस्थानात दुसरीकडे असाल तर एक चतुर्थांश. म्हणजे कागदावर तीन हजार आणि मैदानात हजार, हे सरकारमान्य झालं.

आता पुन्हा त्या दरबारात येऊ. आदल्या वर्षी, १६६५ साली, पुरंदरचा तह झाला होता. महाराजांनी स्वतः मनसबदारी पत्करली नव्हती. पाच हजारी मनसब दिली गेली ती संभाजीराजांना, त्यांच्या आठव्या-नवव्या वर्षी. नेताजी पालकर नुकतेच मुघलांकडे गेले होते, त्यांनाही पाच हजारी मिळाली होती. ज्यांच्या मध्यस्थीने महाराज आग्र्याला गेले ते मिर्झाराजे जयसिंह सात हजारी होते. म्हणजे ज्याने स्वतःचं राज्य उभं केलं, किल्ले बांधले, महसूल बसवला, त्या माणसाला दरबाराच्या तक्त्यात बसवताना त्याच्या लहानग्या मुलाच्या आणि त्याला सोडून गेलेल्या सरदाराच्या ओळीत बसवलं गेलं.

आपण याकडे अपमान म्हणून बघतो आणि तो होताच. पण मला या वेळी त्यात आणखी काही दिसलं. दरबाराच्या तक्त्यात 'स्वतंत्र राजा' असा रकानाच नव्हता. जो येईल त्याला आकडा, एवढंच ते यंत्र करू शकत होतं. आणि रांग ही नुसती शोभा नव्हती. तुम्ही कुणाचा हुकूम ऐकायचा आणि तुमचा कोण ऐकणार, हे ती रांग सगळ्यांदेखत सांगत होती. म्हणून 'पदात काय असतं, काम महत्त्वाचं' हे वाक्य मला तेव्हापासून पटेनासं झालं. ते बहुतेक वेळा ज्यांच्याकडे पद आहे तेच म्हणतात.

तीन महिन्यांनी महाराज आग्र्याहून निसटले. १६६८ साली औरंगजेबाने त्यांना 'राजा' हा किताब कबूल केला. पण तोही दुसऱ्याने दिलेला शब्द होता. त्याचं पुढे काय झालं ते येईलच. त्याआधी माझ्या पहिल्या पत्रातल्या 'मॅनेजर'चं घराणं शोधावं लागलं.

वकिलांकडून आलेली शिडी

कन्सल्टिंगची पदं कारखान्यातून आलेली नाहीत. ती आली वकिलांच्या कचेरीतून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हाथ नावाच्या वकिलाने आपल्या फर्ममध्ये एक पद्धत रुजवली. नामांकित लॉ कॉलेजांतून हुशार मुलं थेट उचलायची, त्यांना 'असोसिएट' म्हणायचं, काही वर्षं राबवून घ्यायचं आणि मग निवाडा करायचा: एक तर भागीदार व्हा, नाहीतर बाहेर पडा. अधलंमधलं काही नाही.

जेम्स मॅकिन्झी हा शिकागोचा हिशेबशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १९२६ साली स्वतःची सल्लागार फर्म काढली. १९३३ मध्ये तिथे मार्विन बोवर आला. त्याने हार्वर्डमधून कायदा आणि व्यवस्थापन दोन्ही केलं होतं आणि क्लीव्हलंडच्या एका मोठ्या वकिली फर्ममध्ये काम केलं होतं. तोवर असल्या लोकांना 'एफिशियन्सी एक्स्पर्ट' म्हणत आणि कारखान्यात त्यांच्याकडे संशयानेच बघत. बोवरला वाटत होतं की सल्ला देणं हा वकिलीसारखा, डॉक्टरकीसारखा पेशा मानला जावा. त्यासाठी त्याने भाषाच बदलायला घेतली. 'कंपनी' नाही, 'फर्म' म्हणायचं. 'गिऱ्हाईक' नाही, 'क्लायंट' म्हणायचं. भागीदार, असोसिएट हे वकिलांचे शब्दही त्याच वाटेने आले आणि 'वर चढा नाहीतर बाहेर पडा' हा नियमही पुढे आला. आज पुण्या-मुंबईत किंवा गुरुग्राममध्ये आमच्यासारखी पोरं जी शिडी चढतात, तिची मुळं तिथे आहेत.

या शिडीची खूण अशी की पायरी माणसाला मिळते, जागेला नाही. अगदी मनसबीसारखी. मी मॅनेजर, मग आज सिमेंटच्या क्लायंटकडे असेन, उद्या विमा कंपनीकडे. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. ही पदं आतल्या लोकांसाठी जितकी असतात त्याहून जास्त बाहेरच्यांसाठी असतात. क्लायंटला जे रेट कार्ड जातं त्यात पदासमोर दर लिहिलेला असतो: कन्सल्टंटचा दिवस इतक्याला, मॅनेजरचा दिवस इतक्याला. मला बढती मिळाली याचा एक अर्थ असा की माझा दिवस आता महाग विकता येणार होता.

यात काही वाईट नाही. पण माझ्या हाताखाली होते म्हणून मी अभिमानाने सांगत असे ते आठ जण प्रोजेक्टपुरते होते. प्रोजेक्ट संपलं की ते दुसऱ्या मॅनेजरच्या पटावर. त्यांचा पगार मी ठरवत नव्हते, त्यांना घेणं-काढणं माझ्याकडे नव्हतं. आमचा अहवाल क्लायंटकडे जायचा तो पार्टनरने बघितल्यावर. आणि अहवालात लिहिलेलं अमलात आणायचं की नाही, हे क्लायंटचा माणूस ठरवायचा. त्याचं पद कधीकधी नुसतं 'सीनियर इंजिनिअर' असायचं.

हे लिहितानाही थोडं टोचतं. माझी जात वाढली होती, सवार कागदावर होते.

खुर्चीला दिलेलं वजन

दुसरं पत्र वेगळ्या घराण्यातलं. कारखाने आणि सरकारी खाती यांनी विसाव्या शतकात उलट दिशेने विचार केला. माणूस बाजूला ठेवा, आधी खुर्ची तोला.

अमेरिकेत १९२३ साली सरकारी नोकऱ्यांचं वर्गीकरण करणारा कायदा झाला. त्यामागचं म्हणणं साधं होतं: सारख्या कामाला सारखा पगार. त्यासाठी नाव किंवा साहेबाची मर्जी बघायची नाही, त्या जागेची कामं आणि जबाबदारी बघायची. १९४९ च्या कायद्याने त्याची १८ पायऱ्यांची एक सलग यादी केली. खासगी कंपन्यांत हेच काम एडवर्ड हे या माणसाने लोकप्रिय केलं. त्याने १९४३ मध्ये फिलाडेल्फियात सल्लागार फर्म काढली आणि पुढे प्रत्येक पदाला गुण देण्याची पद्धत तयार केली. ती तीन गोष्टी मोजते: या जागेवर किती ज्ञान लागतं, किती अवघड प्रश्न सोडवावे लागतात आणि कशाबद्दल जाब द्यावा लागतो. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगाच्या पे मॅट्रिक्समधल्या 'लेव्हल' घ्या किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांमधले एल-३, एल-४ घ्या, पदाचं नाव बाजूला ठेवून आकड्यावर बोलण्याची ही सवय त्याच जातकुळीतली.

हे वाचताना मला आपल्याकडचं १६७४ साल आठवलं. राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी दुसऱ्याच्या तक्त्यातली जागा मागणं सोडून स्वतःचा तक्ताच मांडला. जुनी फारसी पदनामं बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकेनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला.

नावं बदलली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच वेळचा 'कानुजाबता' जास्त वाचण्यासारखा आहे. कुठल्या प्रधानाने काय करायचं ते त्यात नेमून दिलं आहे. सचिवाने राजपत्रं तपासायची, चुकलेला मजकूर दुरुस्त करायचा आणि त्यावर आपली संमतीची खूण करायची. अमात्याने जमाखर्च बघायचा. न्यायाधीश आणि पंडितराव सोडून बाकीच्यांनी वेळ पडली तर लढाईवर जायचं. आजच्या भाषेत ही जॉब डिस्क्रिप्शन आहेत. इथे दर्जा माणसाच्या अंगावर शिवलेला नाही. खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याची सही कुठल्या कागदावर लागते ते लिहिलेलं आहे.

म्हणजे माझ्या एक्सेलमधले बाण जुळत नव्हते याचं कारण माझी गणितातली चूक नव्हती. डावा रकाना माणसांचा होता, उजवा खुर्च्यांचा. एकीकडे किलो, दुसरीकडे लिटर.

नाव मागे राहतं, काम पुढे जातं

तरी एक शंका उरली. खुर्चीचं काम कागदावर लिहिलं तरी ते तसंच राहतं का? इतिहासाचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

त्याच आठ प्रधानांचं बघा. राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे नवं पद निर्माण झालं आणि मानाने ते पेशव्याच्याही वर होतं. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, तेव्हा तक्ता पाहून कुणी सांगितलं नसतं की पुढची शंभर वर्षं मराठी राज्य या खुर्चीवरून चालेल. पहिल्या बाजीरावाच्या काळात दरबारात श्रीपतराव प्रतिनिधींचा मान वरचा होता, पण फौजा, मुलूख आणि कर्ज उभं करण्याची ताकद पेशव्यांकडे सरकत गेली. पद तेच, वजन दुसरं. आणि गंमत बघा, संस्कृत नाव देऊनही लोकांच्या तोंडी 'पेशवा' हा फारसी शब्दच राहिला.

ईस्ट इंडिया कंपनीत तर याहून विचित्र झालं. तिची शिडी दुकानदाराची होती. पोरगा 'रायटर' म्हणून लागायचा, म्हणजे कारकून. पाच वर्षांनी 'फॅक्टर', मग 'ज्युनिअर मर्चंट', मग 'सीनियर मर्चंट'. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ साली मद्रासला उतरला तो रायटर म्हणून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमध्ये रायटरचा पगार वर्षाला पाच पौंड होता. खरी कमाई खासगी व्यापारातून व्हायची. पुढे कंपनीकडे मुलूख आला. हे 'रायटर' आणि 'मर्चंट' जिल्ह्याचा महसूल वसूल करू लागले, न्यायनिवाडे करू लागले, पण पदनामं वखारीचीच राहिली. १८०० साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढताना जी टिपणी लिहिली, तिच्यात त्याने हेच म्हटलं होतं: ही माणसं जी कामं करतात त्यांना रायटर, फॅक्टर, मर्चंट ही नावं मुळीच लागू पडत नाहीत. कोलकात्यातली रायटर्स बिल्डिंग अजून त्याच नावाने उभी आहे. तिथे पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बसले.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्या ऑफिसची हजेरी काढली तर निम्मा वर्ग पदनामांनीच हजर असतो. चिटणीस चिठ्ठ्या-पत्रं लिहायचे, फडणीस हिशेबाच्या फर्दा, पारसनीस फारसी पत्रव्यवहार, पोतनीस खजिना, सबनीस फौजेची हजेरी. माझ्या टीममधले एक पोतनीस आहेत. महिन्याच्या वीस तारखेनंतर ते माझ्याकडूनच चहा घेतात.

पण सगळ्यांना हा विनोद परवडत नाही. गावगाड्यात पद हे वतन होतं, म्हणजे वंशाने चालणारं. पाटीलकी वाटून घेता येई, विकता येई. मानपान कुणाचा आधी यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालत. वरच्या वतनदारांना हे पद मिरवता आलं. महार वतनात मात्र पद म्हणजे बेडी होती. गावाची आणि सरकारची चोवीस तासांची चाकरी, मोबदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुतं, आणि राजीनामा देण्याची सोय नाही. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं ते यासाठी. कुलकर्णी आणि परगणा वतनं १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासह कनिष्ठ मानली गेलेली गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने, आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या. कुणासाठी पद जाणं ही घसरण होती, कुणासाठी सुटका.

हे वाचल्यावर माझ्या 'मॅनेजर'बद्दल मी जरा कमी हळवी झाले. मला नको असलेलं पद सोडण्यासाठी तीस दिवसांची नोटीस पुरत होती.

तीन प्रश्न

तरी ऑफर डोळे झाकून घेतली असं नाही. कारखान्याच्या प्लांट हेडना मी पुन्हा भेटीची वेळ मागितली. पदनाम बदलून मागायचं असं आधी ठरवलं होतं. ऐन वेळी बाबांचाच प्रश्न विचारला, फक्त तीन भागांत.

"सर, मला न विचारता विकत घेता येणार नाही अशी कुठली गोष्ट या जागेवर असेल? कुठलं काम मी थांबवू शकेन? आणि रात्री दोन वाजता लाइन बंद पडली तर पहिला फोन कुणाला येईल?"

ते हसले. म्हणाले, असं कन्सल्टिंगवाले सहसा विचारत नाहीत, ते गाडी आणि ग्रेड विचारतात. मग त्यांनी उत्तरं दिली. सेन्सर आणि त्याचं सॉफ्टवेअर माझ्या सहीशिवाय घेतलं जाणार नव्हतं, पाच लाखांपर्यंत वरची सही लागणार नव्हती. नवं सॉफ्टवेअर लाइनवर चढवायचं की नाही, यात माझा नकार शेवटचा. रात्रीचा पहिला फोन मला. दुसरा त्यांना.

"आणि पदनाम?" मी शेवटी विचारलंच.

"ते आमच्याकडे खालूनच सुरू होतं," ते म्हणाले. "इथे मॅनेजर व्हायला लोकांना बारा-पंधरा वर्षं लागतात. तुम्हाला पहिल्या दिवशी दिलं तर शॉप फ्लोअरवर कुणी बोलणार नाही तुमच्याशी."

मी सही केली. फुकट पडलं असं म्हणणार नाही. बायोडाटा पाहिलेल्या एका घरून निरोप आला, मुलीचं डिमोशन का झालं ते जरा कळेल का. जुन्या कंपनीतल्या माझ्याबरोबरच्या दोघी आता सीनियर मॅनेजर आहेत. नोकरीच्या साइटवर मला येणारे मेसेज निम्म्यावर आले, कारण भरती करणारे 'मॅनेजर' हा शब्द टाकून शोधतात. उद्या मला इथून बाहेर पडायचं झालं, तर ही पायरी कुणाला तरी समजावून सांगावी लागणार आहे. रांगेतली जागा खोटी नसते, हे आग्र्याने शिकवलं होतंच.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सोमवारी नवं सॉफ्टवेअर लाइनवर जायचं होतं. रविवारी रात्री चाचणीत दर हजार भागांमागे तीन-चार भागांची नोंदच गायब होत होती. विक्रेता म्हणाला, चढवा, नंतर बघू. उत्पादनवाले म्हणाले, महिनाअखेर आहे, चढवा. पूर्वी मी अशा वेळी जोखमीवर एक सुंदर स्लाइड केली असती आणि निर्णय क्लायंटवर सोडून विमानतळ गाठला असता. आता निर्णय घेणारा क्लायंटकडचा तो सीनियर इंजिनिअर मीच होते. मी 'नाही' लिहिलं, खाली सही केली आणि सकाळी सहापर्यंत झोपले नाही. चूक सापडायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला जितक्या शिव्या बसल्या तितक्या पाच वर्षांत बसल्या नव्हत्या, आणि त्या सगळ्या नावानिशी बसल्या.

गणपतीत घरी गेले तेव्हा हे बाबांना सांगितलं. त्यांनी आकडा विचारला, "पाच लाखांपर्यंत ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आमच्या साहेबांची एवढी नव्हती," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आईने बायोडाटा नवीन करून घेतला आहे. त्यात आता लिहिलंय: सीनियर इंजिनिअर, आणि कंसात, पूर्वी मॅनेजर. मी ते खोडायला सांगितलं नाही. वेलस्लीला जमलं नाही ते मला कुठून जमायला!